त्वचेचं व्होल्टेज मोजून त्वचा चांगली की खराब हे कळतं का?

सायली_नगर
नमस्कार मंडळी. आईच्या हातांना तीन वर्षांपासून इसब आहे, भांड्यांच्या साबणानं वाढतं आणि थंडीत तर पेरांना चिरा पडून रक्त येतं. परवा सोसायटीत एक बाई पेनासारखं मशीन घेऊन आल्या होत्या, दोन पिना मनगटावर टेकवल्या की स्क्रीनवर आकडा येतो, आईचा 24 आला. म्हणाल्या त्वचेतली वीज कमी झालीय, हे क्रीम दोन महिने लावा, 3,200 रुपये. आई पैसे काढायलाच निघाली होती, मी थांबवलं. मग रात्री बाबांचा मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही टोकं स्वतःच्या हाताला लावली तर कधी 8, कधी 31, कधी उणे 12, जरा दाबलं की परत वेगळाच आकडा. त्वचेत खरंच वीज असते का, आणि असली तर ती अशी मोजता येते का?

प्रसाद_ईसीजीवाला
वीज असते, ते खोटं नाही. आपली त्वचा सोडियम आत ओढत राहते त्यामुळे आतली बाजू पृष्ठभागापेक्षा पॉझिटिव्ह होते, 1983 साली माणसांवर हे नीट मोजलं होतं, जागेप्रमाणे साधारण 10 ते 60 मिलिव्होल्ट, तळहात-तळपायाला जास्त. पण हा फरक आत आणि बाहेर यांच्यातला आहे, आणि तू दोन्ही टोकं बाहेरच लावलीस! एक टोक वरच्या मेलेल्या थराच्या खाली पोचायला लागतं, म्हणून संशोधनात बारीक सुई वापरतात. तुला दिसले ते आकडे बहुतेक धातू आणि घामाचे, तांब्याची पट्टी एका हातात आणि ॲल्युमिनियमची दुसऱ्या हातात धर, मीटर त्याहून जास्त हलेल. मी ईसीजी मशीनचं मेंटेनन्स करतो, तिथे तर हेच व्होल्टेज आम्हाला त्रास देतं, पेशंटची कातडी नुसती ताणली गेली तरी ते बदलतं आणि रेघ वरखाली पळते, म्हणून इलेक्ट्रोड लावायच्या आधी कातडी हलकी घासून घेतात.
आणि ते पेन व्होल्टेज मोजतच नाही गं, ते स्वतः बारीकसा करंट सोडून बघतं की वरचा थर किती ओला आहे.

डॉ_मृण्मयी
प्रसाददादांनी बरोबर सांगितलंय. त्यात एवढंच की ही वीज त्वचेच्या तब्येतीशी जोडलेली आहे हे मात्र खरं, कापलं की तिथे ती बॅटरी शॉर्ट होते आणि जखमेतून करंट वाहतो, बर्लिनच्या द्यु ब्वा-रेमों यांनी 1843 मध्ये स्वतःचं बोट कापून तो मोजला होता. कडेच्या पेशींना जखम भरायला कुठल्या बाजूला सरकायचं याची खूण त्या करंटमधून मिळते. पण ओपीडीत इसबासाठी आम्ही व्होल्टेज बघत नाही. मशीनच लावायचं तर कातडीतून पाणी किती उडतं ते मोजतात, निरोगी हाताला मनगट ते कोपर या भागात तासाला दर चौरस मीटर साधारण 5 ते 10 ग्रॅम, इसबात ते वाढतं. आईंना आधी पॅच टेस्टला, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते बघायच्या तपासणीला, घेऊन जा, आणि तोवर भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी हातमोजे, हात पुसल्या पुसल्या साधं व्हॅसलीन.

सायली_नगर
खूप खूप आभार दोघांचे! आज त्या बाई परत आल्या तेव्हा मी आईला आधी हात धुवून यायला सांगितलं, पुसून लगेच पेन लावलं तर 24 चा 58! क्रीम न लावताच. पाच-सात मिनिटांनी परत लावलं तर 29. आईनं स्वतःच नको म्हणून सांगितलं त्यांना. सोमवारची पॅच टेस्ट ठरलीय, भांड्यांचा साबण सोबत न्यायचा का?

डॉ_मृण्मयी
हो, बाटलीच न्या, लेबलासकट, आणि हातमोजेही, रबराची ॲलर्जी असू शकते. पाठीवर पट्ट्या लावतील, त्या 48 तास भिजू द्यायच्या नाहीत, म्हणजे सोमवारी सकाळी डोक्यावरून आंघोळ उरकूनच निघा.