अनुभव धागा : बदलीची ऑर्डर आली तेव्हा (फौजी घरांसाठी, बाकीच्यांचंही स्वागत)

प्राजक्त_वानवडी

काल माळ्यावरून जुने पडदे काढले. पावसाळ्यात दाराशी टाकायला पायपुसणी होतील म्हणून कात्री घेऊन बसले आणि हात थांबला. पडद्याच्या खालच्या काठाला उसवलेल्या शिवणीच्या, सुईच्या भोकांच्या चार रेघा आहेत. सगळ्यात खालची भटिंड्याची, तिथल्या खिडक्या लांब होत्या. तिच्या चार बोटं वर जबलपूर. मग तेजपूर. सगळ्यात वरची इथली, १९९८ ची. फौजी बायकांना सांगायला नको, पडदे शिवताना खाली वीतभर कापड दुमडून ठेवायचं, पुढचं क्वार्टर कसं असेल कुणाला ठाऊक.

माझं माहेर सदाशिव पेठेतलं. लग्न १९८४ ला. तोवर मंडई, तुळशीबाग आणि सारसबाग एवढंच माझं जग. तेजपूरला उन्हाळ्यात साडेचारलाच उजाडायचं, हे पुढे फॉरवर्डला, सीमेजवळच्या ठाण्यावर गेलेले, मुलं झोपलेली, आणि दिवस सुरू झालेला. त्या पहाटा आधी खायला उठायच्या, नंतर माझ्या झाल्या. तिथला पाडवा विसरत नाही. बांबू हवा तेवढा मिळाला, गुढी उभी केली. शेजारची आसामी बाई कुंपणाशी उभी राहून विचारत होती, हे काय, कशासाठी? आणि मला नीट सांगता येईना. घरी कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्या रात्री आईला पत्र लिहून सगळं विचारलं. उत्तर यायला बारा दिवस लागले. तोवर बिहू झाला, ती बाई गामोसा, त्यांच्याकडचा मानाचा पंचा, घेऊन आली, आणि मग पत्र हातात धरून मी तिला गुढीची गोष्ट सांगितली. आपल्या घरातल्या गोष्टी मला परक्या गावात जाऊन कळल्या.

आता कारण सांगते. भाचीच्या नवऱ्याची ऑर्डर आलीय. तिची हिंजवडीत चांगली नोकरी, मुलगी चार वर्षांची. परवा फोनवर खूप रडली आणि मला धड बोलता आलं नाही. ती हा धागा वाचणार आहे. गोड गोड नको, खरं लिहा.

चकली

अगदी अगदी!! आमच्याकडे अजून तसलेच पडदे आहेत. रॉड मात्र प्रत्येक ठिकाणी तोकडा. भाचीला म्हणावं हुकवाले शिव, रिंगांचे नको, रिंगावाल्यांची उंची वरून कमीजास्त करता येत नाही. सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

जेहलम

बदली म्हटलं की मला झेलम एक्सप्रेस. पुणे ते जम्मू तावी. दौंड, नगर, मनमाड, भुसावळ आणि मग इटारसी येईपर्यंत मुलांनी खाऊचे सगळे डबे संपवलेले असायचे. झाशीच्या पुढे थंडी सुरू. बोगीत निम्मे फौजी. एकदा डिसेंबरात आम्ही पठाणकोटला चाललो होतो, धाकटी सात महिन्यांची, रात्री दूध नासलं. समोरच्या बर्थवरचा जवान, सातारकडचा, लग्न व्हायचं होतं त्याचं, पुढच्या स्टेशनवर अनवाणी उतरला आणि गरम दूध घेऊन धावत्या गाडीत चढला. नाव विचारायचं राहिलं. आज चाळीस वर्षं होत आली, दूध तापवताना अजून आठवतो.

विषय सोडून लिहिलं का? असो.

प्राजक्त_वानवडी

@जेहलम, मुळीच नाही. डोळ्यांत पाणी आलं.

दिघीची_ताई

मी जास्त शिकलेली नाही, चुकलं तर समजून घ्या. आमचे मालक हवालदार होते. ऑफिसर लोकांसारखं नाही आमचं, फॅमिली क्वार्टर दोन-तीन वर्षांपुरतं मिळायचं, तेही पीस पोस्टिंगला, म्हणजे सीमेपासून लांबच्या छावणीत. बाकी सगळा काळ गावी सासूसासऱ्यांजवळ. त्यामुळे आम्हाला बदली म्हणजे रडू नसायचं, बदली म्हणजे नवऱ्याबरोबर राहायला मिळणार!

पहिल्यांदा सिकंदराबादला गेले. लग्नाला पाच वर्षं झालेली आणि पहिल्यांदाच दोघांचा स्वैपाक केला. तोवर अकरा माणसांचा करत होते, हाताला तेच माप. पहिले आठ दिवस भात उरायचा. शेजारी एक तमिळ, एक गढवाली, एक ओडिया. कुणाची भाषा कुणाला नाही. दुपारी ओट्यावर बसून नुसतं हसायचो आणि भाज्या निवडायचो. हिंदी मी तिथं शिकले. आवाच्या (फौजींच्या बायकांची संस्था) वेल्फेअर सेंटरमध्ये शिवणाचा वर्ग होता. मास्तरीण कडक. पहिलं परकर उलटं शिवलं तर तिनं सगळं उसवायला लावलं, पण चिडली नाही, शेजारी बसून राहिली मी परत शिवेपर्यंत. तिथंच मशीन घेतलं, हप्त्यानं. मालकांना सांगितलं नव्हतं, भाजीच्या पैशातून दिले.

ते मशीन चार गावं फिरलं. दर वेळी गाडीत मी ते सगळ्यात शेवटी चढवायची आणि सगळ्यात आधी उतरवायची. आता दिघीत माझं दुकान आहे, दोन मुली कामाला आहेत. गावी राहिले असते तर वाईट झालं असतं असं नाही म्हणत. सासू माझी चांगली होती. पण माझ्या हातात शिवण आहे हे मला कधी कळलं नसतं.

चकली

ताई, किती सुंदर लिहिलंत! चुकलं म्हणे.

निळी_शाई

मी वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका. धाग्यातली माया खरी आहे, पण भाचीला खरं हवंय ना?

मी नर्स. लग्नाआधी सहा वर्षं आयसीयूत काम केलं. प्रत्येक राज्याची नर्सिंग कौन्सिल वेगळी. बदली झाली की नव्या राज्यात नोंदणी, त्याचे कागद, जुन्या कौन्सिलचं ना-हरकत पत्र. दोनदा असं झालं की नोंदणी हातात आली आणि तीन महिन्यांत पुढची मूव्ह. तीनदा राजीनामा दिला, तीनदा सगळ्यात खालून सुरुवात केली. माझ्याबरोबरच्या मुली मेट्रन झाल्या. त्यांच्याशी बोलताना आनंद होतो आणि घरी आल्यावर मी थोडा वेळ गप्प असते. दोन्ही खरं आहे.

बदल्यांनी मी घडले का? हो. कुठल्याही वॉर्डात उभं केलं तरी दुसऱ्या दिवशी मी तिथली असते. हे बदल्यांनीच शिकवलं. पण आपोआप नाही झालं, आणि किंमत मोजून झालं. भाचीला सांगा, रडण्याच्या आठवड्यात राजीनामा लिहू नकोस. आधी ऑफिसात घरून काम मागून बघ, ते नाही तर बिनपगारी रजा. नाही म्हणाले तर म्हणाले, पण विचारायच्या आधी स्वतःच माघार घेऊ नकोस. मी घेतली होती, पहिल्या वेळी. तेव्हा मला कुणी सांगितलं नाही.

प्राजक्त_वानवडी

@निळी_शाई, राग कसला? हेच हवं होतं. मी स्वतः एमएस्सी होऊन बारा वर्षं घरी होते, मग जबलपूरला बीएड केलं. ती बारा वर्षं मी कधी बोलून दाखवत नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून आज लिहिते आहे.

फौजीकन्या

मी मुलांच्या बाजूने लिहू का? बारावीपर्यंत सात शाळा. सगळ्या केंद्रीय विद्यालय, त्यामुळे पुस्तकं तीच, गणवेश तोच, फक्त मैत्रिणी नव्या. नव्या वर्गात पहिल्या दिवशी कुठे बसायचं याचं माझं शास्त्र तयार होतं, खिडकीजवळची दुसरी रांग. पहिल्या रांगेत बाईंच्या नजरेत, शेवटच्यांचे गट आधीच ठरलेले.

मराठी मात्र वाचता यायची नाही. बोलायचो घरी, पण आजीची पत्रं बाबा वाचून दाखवायचे. बाविसाव्या वर्षी पुण्यात आले आणि बसच्या पाट्यांवरून वाचायला शिकले. लिपी हिंदीमुळे येत होती, पण ळ आला की अडायचे. धनकवडी, स्वारगेट, पुणे स्टेशन सोपं. पहिल्यांदा अडखळत ‘टिळक रोड’ म्हटलं तर कंडक्टर काकांनी हसून मान हलवली. नंतर कपाटातून आजीची पत्रं काढली आणि एकेक वाचली. ती तेव्हा नव्हती. एका पत्रात माझ्यासाठी वेगळी ओळ होती, ‘बाळ, मोठी झालीस की हे तू वाचशील.’

म्हणून भाचीला एवढंच सांगेन. मुलगी चार वर्षांची आहे, रोज रात्री एक मराठी गोष्ट वाचून दाखव, कुठेही असलीस तरी.

जेहलम

😢 आजीची ओळ...

लेहची_डाळ

इथे रडारड चाललीय म्हणून वेगळं विचारते. ह्यांचं लेहला पोस्टिंग, मी आणि मुलगा सुट्टीत दोन महिने जाणार. तूरडाळ शिजते का तिथे?

चकली

आले आले, माझा प्रांत. लेह साडेतीन हजार मीटरवर, पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ कडकच राहते. कुकर न्या आणि रबरी रिंगा दोन जास्तीच्या. राजमा, छोले रात्रभर भिजवून. आणि पहिले दोन दिवस काही करू नका, नुसती विश्रांती, हे डाळीपेक्षा महत्त्वाचं!! कोकम नक्की न्या.

लेहची_डाळ

कोकम का?

चकली

जीव लागत नाही त्याशिवाय 🙂

घोरपडीकर

निवृत्त सुभेदार. सहसा लिहीत नाही. डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि आम्ही ऑपरेशन पराक्रमसाठी राजस्थान सीमेवर गेलो. परत यायला ऑक्टोबर २००२ उजाडला. कुटुंब नव्या स्टेशनात, क्वार्टर मिळून जेमतेम तीन आठवडे झालेले, ओळखीचं कुणी नाही. आमची मंडळी तोवर एकटी कधी बँकेत गेली नव्हती.

आलो तेव्हा मीटरजवळ खिळ्याला फ्यूजच्या तारेची गुंडाळी टांगलेली दिसली. रात्री लाईट गेली, मी सवयीने उठलो, तर ती म्हणाली, थांबा, आधी मेन बंद करा. आणि स्वतः तार बदलली. मी टॉर्च धरून उभा. दहा महिन्यांत ती काय काय शिकली ते मला त्या टॉर्चच्या उजेडात कळलं. आम्ही सीमेवर होतो म्हणून लोक आम्हाला सलाम करतात. तिला कुणी केला नाही. मी केला त्या रात्री, खरोखर.

निळी_शाई

सुभेदार साहेब, काकूंना आमचाही सांगा.

नववीची_आई

जूनमध्ये आमची मूव्ह. मुलगा आता नववीत जाणार. कुणी म्हणतं पुण्यातच ठेव. काय करावं?

खडूफळा

केंद्रीय विद्यालयात तीस वर्षं शिकवलं, म्हणून लिहितो. या शाळा १९६३ मध्ये सुरू झाल्या त्याच मुळी २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन, तुमच्यासारख्यांच्या मुलांसाठीच. हलवायचं तर नववीच्या सुरुवातीलाच हलवा. सीबीएसईची नोंदणी नववीत होते, दहावीत शाळा बदलणं जास्त कागदांचं काम. प्रवेशात गेल्या सात वर्षांतल्या बदल्यांची संख्या बघतात, तेव्हा सगळ्या ऑर्डरींच्या प्रती जपा. पुण्यात ठेवायचं असेल तर क्वार्टरबद्दल युनिटमध्ये आत्ताच विचारा.

आणि मुलालाही विचारा. माझ्या वर्गात मध्येच आलेली मुलं पहिला आठवडा गप्प असायची. मी त्यांना फळा पुसायला उठवायचो, म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहणं एकदा होऊन जायचं.

नववीची_आई

सर, मनापासून आभार. त्याला विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री विचारते.

प्राजक्त_वानवडी

भाची काल घरी आली होती. सगळं वाचलं, निळी_शाई यांचं दोनदा. आज ऑफिसात बोलणार आहे. जायचं गाव अजून तिच्या तोंडून नीट निघत नाही, पण जाताना पडदा उलगडून बघत होती, कुठली रेघ कुठली ते विचारत होती. पायपुसणी रद्द. @दिघीची_ताई, नवे पडदे तुमच्याकडेच शिवायचे म्हणते, चालेल?

दिघीची_ताई

चालेल म्हणजे काय! पाठवा तिला. कापड वीतभर जास्त आणायला सांगा. सोमवारी दुकान बंद असतं.