लाल विंचवाचे शास्त्रीय नाव नेमके कोणते?

सिन्नरकर:
आमच्या शाळेत सापांबरोबर विंचवांचीही माहिती देणारा फलक लावायचा आहे. लाल विंचवासाठी जुन्या पुस्तकांत ‘ब्यूथस टॅम्युलस’, वैद्यकीय लेखांत ‘मेसोब्यूथस टॅम्युलस’ आणि अलीकडच्या प्राणिशास्त्रीय लेखनात ‘हॉटेन्टोटा टॅम्युलस’ अशी नावे आढळतात. हे विंचू वेगवेगळे आहेत की एकच? शिवाय नाशिककडे दगडांखाली सर्रास सापडणाऱ्या प्राण्याच्या ‘टॅम्युलस’ या नावात तमिळ कसे आले?

रानवाट:
प्राणी एकच आहे. नावातील पहिला शब्द प्रजातीचा (जवळच्या जातींच्या गटाचा, इंग्रजीत ‘जीनस’) आणि दुसरा जातीचा (‘स्पीशीज’) असतो. डॅनिश शास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १७९८ साली याचे वर्णन ‘स्कॉर्पिओ टॅम्युलस’ या नावाने केले. पुढे विंचवांचे वर्गीकरण जसजसे बारकाईने होत गेले, तसतशी ही जाती एका प्रजातीतून दुसरीत हलवली गेली, आणि २००७ साली चेक अभ्यासक कोवार्झिक यांनी तिला हॉटेन्टोटा प्रजातीत आणले. जातीचा शब्द मात्र तोच राहिला, कारण सर्वांत आधी प्रसिद्ध झालेल्या नावाला अग्रक्रम द्यावा असा नियम आहे. म्हणून नाव ‘हॉटेन्टोटा टॅम्युलस (फॅब्रिशियस, १७९८)’ असे लिहावे. यातील कंस चुकूनही गाळू नये. मूळ वर्णन वेगळ्या प्रजातीत झाले होते, एवढेच तो सांगतो.

तरंगवासी:
तमिळचा उलगडा इतिहासात आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी ही १८४५ पर्यंत डॅनिश वसाहत होती आणि फॅब्रिशियस यांच्याकडे भारतातील कीटकांचे पुष्कळ नमुने तिथून जात असत. नाव ठेवणाऱ्याला परिचित असलेला प्रदेशच नावात उतरला. विंचवाचा वावर महाराष्ट्रातही आहे, याची दखल नाव घेत नाही. ‘हॉटेन्टोटा’ हा शब्द तर दक्षिण आफ्रिकेतील खोइखोइ लोकांसाठी युरोपीयांनी वापरलेल्या, आज अपमानास्पद मानल्या जाणाऱ्या शब्दावरून आला आहे. पण एवढ्या कारणाने प्राणिशास्त्रीय नाव बदलत नाही.

रानवाट:
फलकावर जुनी नावेही बारीक अक्षरांत द्यावीत, कारण महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरील प्राझोसिन या औषधाच्या उपचारावर केलेले काम शोधणाऱ्याला जुन्याच नावांनी शोधावे लागेल. आणि आकाराने मोठ्या काळ्या विंचवापेक्षा हा लहान लाल विंचू अधिक घातक असतो, तेव्हा दंश होताच मंत्रतंत्रात वेळ न घालवता रुग्णाला, विशेषतः लहान मुलांना, तात्काळ रुग्णालयात न्यावे, हे वाक्य मोठ्या अक्षरांत असू द्या.