मदत हवी आहे: नाखवा म्हणजे बोटीचा मालक की बोट नेणारा?

नमस्कार मंडळी, भाचीच्या शाळेत प्रोजेक्ट आहे, मासेमारीच्या बोटीचं चित्र काढायचं आणि बोटीवर कोण कोण असतं त्यांची नावं लिहायची. खलाशी झाला, तांडेल झाला, गाडी अडली ती नाखव्यापाशी. बाईंनी सांगितलं नाखवा म्हणजे कप्तान, आणि वर्गातली कोळीवाड्यातली एक मुलगी म्हणते की छे, बोट ज्याची तो नाखवा, तो पाण्यावर जाईलच असं काही नाही, बोट नेतो तो तांडेल. प्रोजेक्ट राहिला बाजूला, आता मीच त्या शब्दाच्या मागे लागलोय.

शब्द फारसीतून आलाय हे नक्की, मूळ नाखुदा, म्हणजे नाव अधिक खुदा. इथे खुदा म्हणजे देव नव्हे बरं का, धनी. फारसीत गावच्या मुखियाला कदखुदा म्हणतात, शब्दशः घरधनी, त्यातलाच हा खुदा. आणि नाव तर काय, आपली संस्कृत नौ, फारसीतली नाव, लॅटिनमधली नाविस ही सगळी एकाच कुळातली, त्यामुळे निम्मा शब्द बाहेरून आला आणि निम्मा मुळातच नात्यातला निघाला. थोडक्यात नाखुदा म्हणजे नावेचा धनी. पण धनी कुठल्या अर्थाने, पैसा घालणारा की हुकूम सोडणारा?

ऐन-ए-अकबरीत, म्हणजे 16व्या शतकाच्या शेवटी, अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने जहाजावरच्या माणसांची यादीच दिलीय. नाखुदा, मुअल्लिम, तांडेल, सरहंग, भंडारी, कराणी (हिशोब लिहिणारा) असे एकेक. त्यात नाखुदा म्हणजे जहाजाचा मालक असं म्हटलंय आणि लगेच पुढे जहाज कुठे न्यायचं ते तोच ठरवतो असंही म्हटलंय!! ताऱ्यांवरून आणि पाण्याच्या खोलीवरून वाट काढायचं काम मात्र मुअल्लिमचं. तिकडे मलय आणि इंडोनेशियन भाषेत हाच शब्द नाखोडा म्हणून गेलाय आणि तिथे आजही त्याचा अर्थ सरळ जहाजाचा कप्तान, कायद्याच्या भाषेतसुद्धा.

तर किनाऱ्यावरच्या लोकांनी प्लीज सांगा, तुमच्याकडे नाखवा कोणाला म्हणतात? पालघर, रायगड, रत्नागिरी असा भागाप्रमाणे फरक आहे का? आणि स्वतःची बोट स्वतःच नेणारा असेल तर त्याला काय म्हणायचं, नाखवा की तांडेल?

प्रतिसाद १

दादा ती मुलगी बरोबर आहे. आमच्याकडे रायगडात बोट ज्याची तो नाखवा, तिची काळजी, जाळी, डिझेल, बर्फ, कर्ज सगळं त्याच्या डोक्यावर. तांडेल म्हणजे समुद्रात ज्याचा शब्द चालतो तो, मासळी कुठे लागेल, जाळं कधी टाकायचं, कधी ओढायचं, वारा बघून कधी माघारी फिरायचं हे तो बघणार, आणि त्या वेळी नाखवा स्वतः बोटीवर असला तरी मध्ये बोलत नाही (बोलला तर पुढच्या सीझनला तांडेल दुसऱ्या बोटीवर, चांगला तांडेल टिकवणं सोपं नाही). छोटी होडी असेल तर दोघं एकच, आणि हाक मारताना त्याला नाखवाच म्हणतात, मानाचं आहे ते. तांडेल आडनावही आहे आमच्यात, त्यामुळे नाखवा असलेला तांडेल पण भेटेल तुम्हाला, तेव्हा अजून गोंधळ होईल :)

प्रतिसाद २

हा गोंधळ तुमचा एकट्याचा नाही, फार जुना आहे. गुजरातेत वेरावळला 1264 सालचा शिलालेख आहे, एकाच गोष्टीबद्दल संस्कृतात आणि अरबीतही. इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदरातल्या नुरुद्दीन फिरोज नावाच्या नाखुदाने सोमनाथजवळ मशीद बांधली त्याचा. त्यात संस्कृतमध्ये नौवित्तक हा शब्द येतो, नौ हेच ज्याचं वित्त तो. म्हणजे त्या काळच्या लिहिणाऱ्यांच्या मनात नाखुदा हा आधी जहाजात पैसा असलेला व्यापारी होता. पण मला विचाराल तर मालक की कप्तान हा प्रश्नच आपल्या काळचा आहे. शिडाच्या जहाजावर धनी किंवा त्याचा माणूस मालासोबत स्वतः निघायचा, कुठल्या बंदरात थांबायचं ते बाजारभाव बघून तोच ठरवायचा, तारे बघायला मुअल्लिम होता, शिडं सांभाळायला खारवे आणि खलाशी. धनी घरी थांबायला लागला की एका शब्दाचे दोन तुकडे होणारच, इंडोनेशियाने पाण्यावरचा तुकडा ठेवला, कोळीवाड्याने मालकीचा.

अबुल फजलच्या यादीतली बाकीची मंडळीही बघा की. सरहंगचा झाला सारंग, शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग हा किताब होता तो यातूनच. त्याच यादीत सुकाणू धरणारा सुक्कानगीर आहे, आपलं सुकाणू अरबी सुक्कानवरून आलंय. आणि खलाशी तर भारी आहे, अरबी खलास म्हणजे सुटका, मोकळं करणं, म्हणजे काम खलास झालं म्हणतो तेव्हा खलाश्याचाच भाऊबंद वापरतो आपण. हा शब्द पुढे जमिनीवरही चढला, तंबू ठोकणारे, मोजणीची साखळी धरणारे आणि नंतर रेल्वेतले कामगार, सगळे खलाशीच.

धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार. चित्रात आता नाखव्याला धक्क्यावर उभा करतोय, हातात हिशोबाची वही, आणि तांडेलला सुकाणूपाशी. भाचीचा नवीन प्रश्न असा की बोटीवर जेवण करणाऱ्याला काय म्हणतात. ऐनमधला भंडारी कोठाराचा माणूस होता असं दिसतंय, पण हल्लीच्या बोटीवर त्याला वेगळं नाव आहे की जो नवखा पोरगा असेल त्याच्याच गळ्यात ते काम पडतं? सोमवारी द्यायचाय प्रोजेक्ट, तेवढं कोणीतरी सांगा.