लिव्हरमध्ये स्टेंट, टिप्स प्रोसिजर: बाबांना सांगितलीय, कुणाच्या घरी झालीय का?

कृष्णाकाठची_लेक
नमस्कार मंडळी. बाबा ६३ वर्षांचे, सांगलीला असतात. लिव्हर सिरॉसिस आहे, शुगर आणि फॅटी लिव्हरमधून झालेला. आयुष्यात दारूला हात लावला नाही त्यांनी, तरी प्रत्येक पाहुणा पहिलं तेच विचारतो आणि त्यांना ते फार लागतं, म्हणून आधीच लिहिते. पोटात पाणी साठतं. लघवीच्या गोळ्या वाढवल्या की क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वर आणि सोडियम खाली, त्यामुळे गोळ्या कमी कराव्या लागल्या आणि आता पाणी टॅप करून काढण्यावरच चाललंय, आधी महिना तरी निघायचा, आता पंधरवडाही धड निघत नाही. पुण्याचे डॉक्टर म्हणतात टिप्स करू, मानेतल्या शिरेतून जाऊन लिव्हरमध्ये स्टेंट टाकतात, लिव्हरचं प्रेशर वाढलंय ते कमी होईल. पण बाबांचं बीपी तर ९८/६० असतं, मग हे कुठलं प्रेशर? एवढ्या अशक्त माणसाला झेपेल का? आणि याने लिव्हर बरं होतं का? आईला काय सांगू तेच कळेना.

कॅथलॅब_विदर्भ
ताई, मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत आहे (एक्सरे, सोनोग्राफीवर बघत शिरेतून उपचार करतात तो विभाग), टिप्स आमच्याच डिपार्टमेंटला होते. बाबांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे करा किंवा नका करू असं सांगणार नाही, पण प्रकार काय आहे ते सांगतो.

दंडाला पट्टा बांधून मोजतात ते बीपी वेगळं. आतडी आणि प्लीहा यांचं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये येतं. सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक झाल्याने ते पुढं सरकत नाही, मग पाटाला पुढं अडवलं की पाणी जसं बांध फोडून मिळेल तिकडे जातं तसं हे रक्त अन्ननलिकेच्या, जठराच्या बारीक शिरांत घुसतं, त्या फुगतात, आणि पोटात पाणी होतं त्यामागेही हेच प्रेशर. पोर्टल व्हेन आणि लिव्हरबाहेर जाणारी शीर यांच्या प्रेशरमधला फरक नॉर्मल माणसात ५ एमएमएचजीपर्यंत (बीपीचंच एकक) असतो, १० च्या वर गेला की त्रास सुरू, १२ च्या वर रक्ताच्या उलटीचा धोका. दंडाचं बीपी कमी आणि आतलं जास्त, हे सिरॉसिसमध्ये नेहमी दिसतं, त्यात बाबांचं काही वेगळं नाही.

टिप्समध्ये उजव्या बाजूच्या मानेतल्या शिरेतून कॅथेटर लिव्हरच्या शिरेत नेतात, तिथून लिव्हरच्या आतूनच सुई टाकून पोर्टल व्हेनची फांदी गाठतात, तो मार्ग बलूनने फुगवतात आणि आतून कव्हर असलेला स्टेंट बसवतात. पोट उघडत नाहीत, पण भूल द्यावी लागते आणि सुईने पोर्टल व्हेन सापडणं हे खरं कसबाचं काम, म्हणून जिथे हे नेहमी होतं तिथेच करा. कल्पना १९६९ ची, योसेफ रोश यांनी प्राण्यांवर केलेल्या कामातली, आणि माणसात धातूचा स्टेंट टाकून पहिली टिप्स १९८८ मध्ये जर्मनीत झाली. आधीचे उघडे स्टेंट फार बंद पडायचे, कव्हरवाले आल्यापासून ते बरंच कमी झालंय.

आता तुमचा खरा प्रश्न. लिव्हर याने बरं होत नाही. प्रेशर उतरतं, पाणी कमी होतं, पण रक्त लिव्हरला वळसा घालून जातं म्हणजे लिव्हरला रक्त अजून कमी मिळतं. म्हणूनच बिलिरुबिन (रक्तातली काविळीची तपासणी) किती आहे हे आधी बघा, ३ च्या वर असेल तर पाण्यासाठी टिप्स करताना डॉक्टर दहादा विचार करतात. टूडी इको झालाय का? एकदम जास्त रक्त हृदयाकडे येतं, हृदय कमजोर असेल तर करता येत नाही.

नाशिकची_सून
आमच्या सासऱ्यांची झालीय, पाण्यासाठीच. पाणी लगेच गेलं नाही हां, काही आठवडे टप्प्याटप्प्याने कमी झालं, मीठ कमीच ठेवावं लागलं, लोणचं पापड अजूनही बंद. पण आता टॅपिंगला जावं लागत नाही आणि जेवण जातं त्यांना, पोट दाबलं जायचं ना आधी.

ताई, एकच गोष्ट नीट ऐका, मेंदूवर परिणाम होऊ शकतो. आतड्यातला अमोनिया लिव्हरमध्ये साफ न होता सरळ पुढे जातो. सासरे दिवसा झोपायचे आणि रात्री जागे, मग एकदा सही करता येईना, हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडायचे. आम्हाला डिस्चार्जच्या वेळी नर्सबाईंनी हे सगळं सांगितलेलं म्हणून त्याच दिवशी फोन केला. लॅक्ट्युलोज (पोट साफ होण्याचं पातळ औषध) वाढवलं, रिफॅक्सिमिन (आतड्यातल्या जंतूंवरची गोळी) सुरू केलं, सावरले. दिवसातून दोन-तीनदा पातळसर शौचाला झालंच पाहिजे, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. आणि कुणी सांगितलं म्हणून डाळ, पनीर, अंडं बंद करू नका, आमच्या डॉक्टरांनी उलट प्रोटीन वाढवायला सांगितलं आणि रात्री झोपताना काहीतरी खायला लावलं, अंगावरचं मांस झडलं तर अमोनिया अजून वाढतो म्हणे.

पुणेकर_आबा
खर्चाचं आधी विचारून घ्या, स्टेंट हाच बिलातला मोठा आकडा असतो. योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, लेखी इस्टिमेट घ्या. काळजी घ्या बाबांची.

कृष्णाकाठची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार, आईला तुमचे रिप्लाय मोठ्याने वाचून दाखवले. बिलिरुबिन १.८ आहे, इको पुढच्या आठवड्यात. अजून एक, ट्रान्सप्लांटसाठी नाव नोंदवायचं चाललंय, टिप्स केली तर तो रस्ता बंद होतो का?

कॅथलॅब_विदर्भ
नाही ताई, उलट बऱ्याच जणांची ट्रान्सप्लांटपर्यंतची वाट निघावी म्हणूनच करतात. फक्त ट्रान्सप्लांटचा विचार आहे हे करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला, स्टेंटचं टोक हृदयाकडे किंवा पोर्टल व्हेनमध्ये जास्त लांब गेलं तर पुढे सर्जनला अवघड जातं, ते त्या हिशोबाने बसवतील. स्टेंट ८ एमएमपर्यंतच फुगवणार का हेही विचारा, कमी फुगवला तर मेंदूचा त्रास कमी होण्याची शक्यता असते. नंतरचे डॉपलर (स्टेंटमधून रक्त नीट वाहतंय का बघायची सोनोग्राफी) चुकवू नका. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, ताप किंवा असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या.