कॉर्व्हेटच्या आठ पिढ्या: गाडी एकच, की नाव एकच?

सुटेभाग_भोसरी यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी नॅशव्हिलला असते आणि येत्या सप्टेंबरात आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत. तिथून मोटारीने तासाभराच्या अंतरावर, केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन या गावी, शेव्हरोले कॉर्व्हेटचे संग्रहालय आहे आणि त्याच गावात ही गाडी बनवणारा कारखानाही आहे, हे कळल्यापासून मी या गाडीविषयी मिळेल ते वाचतो आहे. माझी नोकरीची सारी वर्षे वाहनांचे सुटे भाग बनवण्यात गेली. तळेगावच्या कारखान्यातून ज्या कंपनीची बीट बाहेर पडताना आम्ही पाहिली, त्याच कंपनीने सत्तर वर्षांहून अधिक काळ एका दोन आसनी स्पोर्ट्स कारचा असा सांभाळ केला आहे, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

प्रश्न असा आहे. १९५३ च्या पहिल्या गाडीत पुढच्या बाजूला सहा सिलिंडरचे इंजिन होते आणि आजच्या आठव्या पिढीत व्ही-८ इंजिन, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचे इंजिन, चालकाच्या पाठीमागे आहे. चौकट, सस्पेन्शन, गिअरबॉक्स, दिवे यांतले काहीच तेव्हाचे उरलेले नाही. मग हिला एकच गाडी म्हणायचे, की एका नावाखाली आलेल्या आठ वेगवेगळ्या गाड्या? वर्षे आणि अश्वशक्ती यांची यादी कुठेही मिळते, ती नको आहे. कोणता बदल कशामुळे करावा लागला, आणि प्रत्यक्ष गाडीसमोर उभे राहिल्यावर नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी सांगितले तर उपकार होतील.

कोथरूड_ते_डेट्रॉईट यांचे उत्तर

काका, माझ्या मते ही एकच गाडी आहे, आणि ती एकच राहिली याचे बरेचसे श्रेय झोरा आर्कस-डंटोव्ह या एका हट्टी अभियंत्याला जाते.

सुरुवात मात्र डळमळीत होती. जानेवारी १९५३ मध्ये न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने भरवलेल्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांसमोर आली. कंपनीच्या रचना विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांची ती कल्पना होती. लोकांना ती इतकी आवडली की ३० जूनला मिशिगनमधल्या फ्लिंट येथे उत्पादन सुरूही झाले. त्या वर्षी ३०० गाड्या बनल्या आणि त्या सगळ्याच्या सगळ्या बाहेरून पांढऱ्या व आतून लाल होत्या. बॉडी फायबरग्लासची ठेवली, कारण पोलादी पत्र्यासाठी डाय, म्हणजे साचे, तयार करायला लागणारा वेळ आणि खर्च एवढ्याशा उत्पादनाला झेपणारा नव्हता. इंजिन मात्र शेव्हरोलेच्या नेहमीच्या गाड्यांतले सहा सिलिंडरचेच होते. तीन कार्बोरेटर बसवून त्यातून १५० अश्वशक्ती काढली होती, आणि गिअरबॉक्स दोनच गिअरचा ऑटोमॅटिक होता. दिसायला स्पोर्ट्स कार आणि चालवायला घरगुती गाडी, असा हा प्रकार असल्याने १९५४ मध्ये बनलेल्या ३,६४० गाड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश वर्षअखेरीस विक्रीविना पडून होत्या. १९५५ मध्ये तर जेमतेम ७०० गाड्या बनल्या, आणि त्याच वर्षी फोर्डच्या नव्या थंडरबर्डने सोळा हजारांचा आकडा ओलांडला.

डंटोव्ह यांचा जन्म ब्रसेल्समध्ये, एका रशियन ज्यू कुटुंबात झाला होता. प्रदर्शनात ही गाडी पाहून त्यांनी कंपनीकडे नोकरी मागितली आणि १९५३ मध्येच ते रुजू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी वरिष्ठांना एक टिपण पाठवले. गाड्यांच्या वेगाने वेडे झालेले तरुण फोर्डच्या इंजिनांवर वाढलेले आहेत. त्यांना शेव्हरोलेकडे आणायचे असेल तर नव्या व्ही-८ इंजिनासाठी वेगवान सुटे भाग कंपनीनेच पुरवले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. १९५५ मध्ये ४.३ लिटरचे, १९५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन कॉर्व्हेटमध्ये आले. १९५७ मध्ये ४.६ लिटरच्या इंजिनाला फ्युएल इंजेक्शन जोडून २८३ अश्वशक्ती मिळाली, आणि त्याच वर्षी चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्सही आला. १९६० मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्या चमूने तीन कॉर्व्हेट ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवल्या आणि त्यांपैकी एकीने आपला वर्ग जिंकला. गाडीकडे पाहण्याची लोकांची नजर बदलली ती या पाच वर्षांत.

आता तुमच्यासारख्या सुट्या भागांच्या माणसाने जे पाहिलेच पाहिजे ते सांगतो. १९६२ पर्यंत मागची दोन्ही चाके एकाच ताठ ॲक्सलवर होती. एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही धक्का बसे. १९६३ मध्ये दुसरी पिढी आली आणि मागची चाके स्वतंत्र झाली. संग्रहालयात चौकटीचा नमुना उघडा मांडलेला असेल तर खाली वाकून पाहा. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची शक्ती मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा, चौकटीला पक्के बांधलेले आहे. त्याच्या खालून, गाडीच्या रुंदीच्या दिशेने, नऊ पोलादी पानांचा एकच पाटा (स्प्रिंग) आडवा गेला आहे आणि त्याच्या दोन टोकांना लांब बोल्टांनी दोन्ही चाकांकडच्या दांड्या टांगल्या आहेत. चाकांना फिरवणारे अर्धे दांडेच वरच्या जोडदांड्यांचेही काम करतात, म्हणजे एका भागाकडून दोन कामे करून घेतली आहेत. जागा थोडी, पैसा थोडा आणि महत्त्वाकांक्षा मोठी, अशा वेळी चांगला अभियंता काय करतो ते इथे उघड दिसते. हा आडवा पाटा पुढे फायबरग्लासचा झाला; पोलादी पाट्याचे वजन सुमारे २० किलो होते, ते चार किलोंच्या आत आले. तो सातव्या पिढीपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, टिकला.

१९६३ च्या बंद टपाच्या गाडीची मागची काच मधोमध उभ्या पट्टीने दुभागलेली दिसेल. अर्ल यांच्यानंतरचे रचना विभागप्रमुख बिल मिचेल यांना ती रचनेसाठी हवी होती, आणि मागचे दिसत नाही म्हणून डंटोव्ह यांचा तिला विरोध होता. १९६४ मध्ये ती गेली. आज संग्राहक त्या एका वर्षाच्या गाडीसाठी जीव टाकतात, पण माझे मत आजही डंटोव्ह यांच्या बाजूने आहे.

फायबरवाला_फिनिक्स यांचे उत्तर

वरच्या उत्तराला माझी पुस्ती तिसऱ्या पिढीबद्दल आहे, कारण १९६८ ते १९८२ या काळातल्या कॉर्व्हेटला लोक उगाच नावे ठेवतात. मी हौसेने जुन्या गाड्यांची फायबरग्लासची कामे करतो, त्यामुळे या पिढीशी माझा रोजचा संबंध येतो.

खाली चौकट आणि सस्पेन्शन मुख्यत्वे १९६३ चेच राहिले, वर मात्र मॅको शार्क या प्रायोगिक गाडीवरून घेतलेले चाकांवर फुगीर आणि कमरेत बारीक असे रूप आले. मग सत्तरच्या दशकात एकामागून एक नियम आले. टक्कर सोसणाऱ्या बंपरच्या नियमामुळे १९७३ मध्ये पुढचा आणि १९७४ मध्ये मागचा क्रोमचा बंपर गेला, १९७५ मध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि त्याच वर्षानंतर उघड्या टपाची गाडीही दहा वर्षांसाठी थांबली. मूळ, म्हणजे सर्वांत साध्या गाडीतल्या, इंजिनाची शक्ती १९७० मध्ये ३०० अश्वशक्ती होती, ती १९७५ मध्ये १६५ वर आली. हे आकडे वाचून लोक हळहळतात, पण एक गोष्ट ध्यानात घेत नाहीत. १९७१ पर्यंत इंजिन गाडीबाहेर, सायलेन्सर आणि इतर जोडण्यांशिवाय मोजले जात असे. १९७२ पासून ते गाडीत बसवल्यासारखे, सगळ्या जोडण्यांसह मोजू लागले. १९७१ चे २७० अश्वशक्तीचे मूळ इंजिन १९७२ मध्ये कागदावर २०० चे झाले, ते मुख्यतः मोजण्याची रीत बदलल्यामुळे. खरी घट झाली हे मान्यच आहे, परंतु ती आकड्यांत दिसते तेवढी नव्हती.

ग्राहकांनी तर या गाडीला डोक्यावर घेतले. १९७९ मध्ये ५३,८०७ कॉर्व्हेट बनल्या आणि एका वर्षातला तो आजवरचा उच्चांक आहे. ज्या काळात अमेरिकेतल्या कित्येक वेगवान गाड्या बंद पडल्या, त्या काळात ही एक दरवर्षी बनत राहिली. पुढच्या सर्व पिढ्यांचा पैसा या मंद गाड्यांनी मिळवून दिला, असे मी मानतो.

काका, या पिढीच्या गाडीचे दिवे अवश्य पाहा. दुसऱ्या पिढीत झाकले जाणारे दिवे विजेच्या मोटरने फिरत. तिसऱ्या पिढीत ते इंजिनाच्या निर्वात दाबावर वर येतात. त्यासाठी बॉनेटखाली रबरी नळ्यांचे जाळे पसरलेले आहे. वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने एखादी नळी तडकते, हवा आत शिरते आणि दिव्याची कळ दाबल्यावर एकच दिवा उघडतो, दुसरा अर्ध्यावर अडकतो. इथल्या कोरड्या उन्हात तर हे हटकून होते. दुरुस्ती स्वस्त आहे, मात्र नेमकी कोणती नळी गळते ते शोधताना अख्खी दुपार जाते.

सुटेभाग_भोसरी

आपणा दोघांचेही मनापासून आभार. मोजण्याच्या रीतीचा मुद्दा माझ्या वाचनात कुठेही आला नव्हता. आता चौथ्या पिढीपासून पुढचे कोणी सांगेल का? विशेषतः इंजिन मागे नेण्यासाठी इतकी वर्षे का लागली, आणि आडवा पाटा गेल्यावर त्या एकपणाचे काय झाले, हे समजून घ्यायचे आहे.

नळस्टॉप_मेलबर्न यांचे उत्तर

चौथ्या पिढीच्या दालनात आधी १९८३ ची पांढरी गाडी शोधा. त्या वर्षी विक्रीसाठी एकही कॉर्व्हेट बनली नाही. नवी गाडी वेळेत तयार न झाल्याने ती १९८४ ची म्हणून बाजारात आली. चाचणीसाठी बनवलेल्या ४३ गाड्यांपैकी एकच शिल्लक आहे आणि ती बोलिंग ग्रीनलाच आहे. डंटोव्ह १९७५ च्या आरंभी निवृत्त झाले होते आणि सूत्रे डेव्ह मॅक्लेलन यांच्याकडे होती. त्यांनी १९६३ पासून चालत आलेली चौकट अखेर बाजूला ठेवली. नवी गाडी वळणावर रस्त्याला चिकटून राहत असे, पण दाराखालचे उंबरे इतके उंच आणि रुंद होते की आत बसणे हीच कसरत होती. १९९७ च्या पाचव्या पिढीत पाण्याच्या दाबाने आकार दिलेल्या अखंड पोलादी नळ्या चौकटीला वापरल्या, चौकट ताठ झाली आणि उंबरे खाली आले. गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ नेल्यामुळे पुढचे आणि मागचे वजन जवळपास समान झाले. आणि तळाच्या फळीत चक्क बाल्सा लाकडाचा गाभा आहे, कारण वजनाच्या मानाने त्याच्याइतका ताठपणा आणि आवाज शोषण्याचा गुण दुसऱ्या कशात मिळेना.

इंजिनाची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. १९९० च्या झेडआर-१ या कॉर्व्हेटच्या अधिक शक्तिशाली प्रकारासाठी लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीच्या मदतीने प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आणि डोक्यावर चार कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे दांडे) असलेले इंजिन आखले गेले आणि ते ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर येथे मर्क्युरी मरीन या बोटींची इंजिने बनवणाऱ्या कंपनीने बांधले. त्याची शक्ती आधी ३७५ होती, पुढे ४०५ झाली. गाडी अप्रतिम होती, पण किंमत साध्या कॉर्व्हेटच्या जवळजवळ दुप्पट होती आणि १९९५ नंतर ती बंद झाली. मग २००२ च्या झेड०६ या कॉर्व्हेटच्या वेगवान प्रकारात, पोटात एकच कॅमशाफ्ट आणि सिलिंडरला दोनच झडपा असलेल्या जुन्या धाटणीच्या व्ही-८ इंजिनातून तीच ४०५ अश्वशक्ती कितीतरी कमी किमतीत मिळाली. साधे, बुटके, हलके इंजिन घ्यायचे आणि ते निगुतीने वाढवत न्यायचे, ही कॉर्व्हेटची खरी रीत आहे.

त्यामुळे आडव्या पाट्यात तिचा एकपणा आहे असे मला वाटत नाही. पाटा जाऊन गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या आणि काही बिघडले नाही. आठव्या पिढीच्या सर्वांत साध्या गाडीची मागची काच वर करून पाहा: चालकाच्या पाठीमागे ६.२ लिटरचे तेच दोन झडपांचे व्ही-८ इंजिन खोल बसवलेले दिसेल. वरची कातडी आजही पत्र्याची नाही, आसने दोनच आहेत, आणि २०२० मध्ये तिची मूळ किंमत साठ हजार डॉलरच्या किंचित आत ठेवली होती.

इंजिन मागे नेण्याचा प्रयत्न डंटोव्ह यांनी १९६० च्या सुमारासच सीईआरव्ही या प्रायोगिक गाडीपासून सुरू केला होता आणि पुढे अनेक नमुने बनले. वरिष्ठांचा प्रश्न दरवेळी तोच असे की आहे तीच गाडी हातोहात खपत असताना एवढा खर्च कशाला करायचा. त्या काळच्या विक्रीचा आकडा वर आलाच आहे. शेवटी गरजेनेच निर्णय घेतला. २०१९ च्या सातव्या पिढीतील झेडआर-१ ची शक्ती ७५५ झाली होती आणि पुढे इंजिन असताना मागच्या चाकांवर पुरेसे वजन येत नसल्याने ती शक्ती रस्त्यावर उतरेना. शिवाय सुपरचार्जर (जास्त हवा कोंबणारा पंप) चढवलेले उंच इंजिन चालकाला पुढचे दिसण्याच्या आड येऊ लागले. मुख्य अभियंता टॅज यूक्टर यांच्या चमूने मग इंजिन मागे नेले आणि जुलै २०१९ मध्ये नवी गाडी जाहीर झाली. डंटोव्ह १९९६ मध्येच वारले होते. त्यांच्या अस्थी त्याच संग्रहालयात ठेवल्या आहेत, तिथे थोडा वेळ अवश्य थांबा.

याच पिढीत उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली कॉर्व्हेट प्रथमच कारखान्यातून बाहेर पडली, म्हणून ती आम्हाला इथे ऑस्ट्रेलियात रीतसर मिळू लागली. मॅन्युअल गिअरबॉक्स गेला याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण सातव्या पिढीचा सात गिअरचा गिअरबॉक्स हाताळण्यात निराळाच आनंद होता. परंतु २०२४ च्या ई-रे या गाडीत पुढच्या चाकांना विजेची मोटर आणि मागच्या चाकांना व्ही-८ अशी मिळून ६५५ अश्वशक्ती चारही चाकांकडे जाते, हे पाहिल्यावर तक्रारीला जागा राहत नाही. चारही चाकांना शक्ती देणारी, मागे इंजिन असलेली गाडी डंटोव्ह यांनी १९६४ मध्ये सीईआरव्ही-२ या नावाने बांधून चालवूनही दाखवली होती.