टोळ्यांची माहिती सगळ्या पोलिसांना खुली असावी का?

वेताळ (धागाकर्ता)
रस्त्यावरच्या टोळ्या पोलिसांच्या हद्दी पाळत नाहीत. खून एका शहरात, पिस्तूल दुसरीकडून आणलेलं आणि आरोपी तिसऱ्याच राज्यात नातेवाइकाकडे. अमेरिकेत लहानमोठ्या मिळून सुमारे १८,००० पोलीस यंत्रणा, प्रत्येकीचं दप्तर वेगळं. म्हणून तर २००५ मध्ये एफबीआयकडे टोळ्यांच्या माहितीसाठी राष्ट्रीय केंद्र उभं करावं लागलं. तरी 'टोळी-याद्या (टोळीत असल्याचा संशय असलेल्यांच्या पोलिसी याद्या) बंद करा' ही ओरड चालूच. माझं मत सरळ आहे: एका ठाण्यात नोंद झाली की ती सगळ्यांना दिसली पाहिजे.

सांजवात
सगळ्यांना म्हणजे नेमकं कोणाला? लंडन पोलिसांनी २०११ च्या दंगलींनंतर 'गँग्ज मेट्रिक्स' ही टोळी-यादी केली. जानेवारी २०१७ मध्ये लंडनमधल्याच न्यूहॅम पालिकेतून २०३ जणांची अख्खी यादी ईमेलने ४४ ठिकाणी गेली. जन्मतारीख, घरचा पत्ता, कोण कुठल्या टोळीचा, कोण हत्यार बाळगतो, सगळं उघडं. काही महिन्यांत तिचे फोटो स्नॅपचॅटवरून विरोधी टोळ्यांच्या हातात. पालिकेला १,४५,००० पौंड दंड झाला. ज्यांचे पत्ते फुटले त्यांनी काय करायचं?

वेताळ
ती गळती होती. कुलूप बदला, तिजोरी कशाला फेकता? बोस्टनमध्ये १९९६ साली टोळ्यांचा गोळीबार थांबवण्याच्या 'ऑपरेशन सीझफायर' मोहिमेसाठी पोलीस, प्रोबेशन अधिकारी (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारे), सरकारी वकील आणि केंद्रीय यंत्रणा एका टेबलाशी बसल्या. तरुणांचे खून निम्म्याहून खाली आले. माहिती वाटली म्हणूनच ना?

खडूस
बोस्टन तुमच्याच विरोधात जातं साहेब. टेबलाशी बसलेल्यांना ती पोरं तोंडओळखीने ठाऊक होती. कोणत्या गटाचं कोणाशी वैर, सध्या कोण तापलंय, अशी ताजी माहिती होती. शिवाय ती दडवली नाही. पोरांना बोलावून तोंडावर सांगितलं: गोळी चालली तर अख्ख्या गटामागे लागू, बाहेर पडायचं असेल तर मदत करू.

आता कॅलिफोर्नियाची 'कॅलगँग' ही राज्यभरची टोळी-यादी बघा. २०१६ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी दप्तर उघडलं, तर ४२ जणांचं वय नोंदीच्या वेळी वर्षाचंही नव्हतं. त्यातल्या २८ जणांनी म्हणे टोळीत असल्याची कबुली दिलेली! पाच वर्षांत नवा पुरावा आला नाही तर नाव काढायचं, असा तेव्हाचा नियम. सहाशेहून अधिक जणांची मुदत त्यापलीकडची, कित्येकांची तर शंभर वर्षांपुढची.

पाटीवाला
जन्मतारीख चुकीची टाइप झाली असेल. एवढ्यासाठी यंत्रणा मोडायची?

खडूस
चूक कारकुनीच असेल, मान्य. पण ती बाहेरच्या लेखापरीक्षकांना सापडावी लागली. वापरणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, शहानिशा आधीच्याने केली असणार.

रेवा
आणि नोंद मुळातच खोटी असेल तर? लॉस एंजेलिसच्या काही पोलिसांनी रस्त्यात अडवलेल्यांच्या चौकशी-कार्डांवर खोटी माहिती भरल्याचा आरोप झाला. त्यावर २०२० मध्ये राज्याच्या अॅटर्नी जनरलने त्या खात्याने कॅलगँगमध्ये भरलेल्या नोंदी वापरायला सगळ्याच यंत्रणांना मनाई केली. तोवर त्या वाचून कोणाकोणाला रस्त्यात अडवलं गेलं असेल, याचा हिशोब कोण देणार?

शिकागोत शहराच्या महानिरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात पोलिसांच्या टोळी-नोंदींत १,३४,२४२ नावं निघाली, त्यातली सुमारे ९५ टक्के कृष्णवर्णीय आणि लॅटिनोंची. बाहेरच्या ५०० हून अधिक यंत्रणांनी ती माहिती चाळलेली, त्यात स्थलांतर खातंही. शिकागोने उद्या नाव खोडलं तरी तिकडे उतरवून घेतलेलं कसं खोडणार?

वेताळ
आकडे वाईट आहेत, नाकारत नाही. पण रात्री दोनला गाडी अडवणाऱ्या शिपायाने कोणत्या टेबलाशी बसायचं? समोरचा कोण हे त्याला तिथल्या तिथे कळायला हवं. तुमच्या शहानिशेपायी त्याचा जीव गेला तर?

रेवा
त्याला वॉरंट आहे का, गाडी चोरीची आहे का, हे कळायलाच हवं, आणि एफबीआयच्या एनसीआयसी या देशभरच्या गुन्हे-नोंदींच्या संगणकावर ते काही क्षणांत कळतं. टोळीचा शिक्का दाखवायचाच असेल तर सोबत तारीख, मूळ खात्याचं नाव आणि कशावरून मारला हेही दाखवा. 'अमक्या रंगाचा शर्ट, २०१४' असं वाचलं तर शिपाई स्वतःच ठरवेल काय ते.

वेताळ
तेवढं दाखवायला हरकत नाही. पण यादी बंद करायला माझा विरोध कायम.

सांजवात
लंडनने २०२४ मध्ये मेट्रिक्स बंद केली. त्याआधी २०२२ मध्ये ती बेकायदा पद्धतीने चालवल्याचं पोलिसांनीच खटल्यात मान्य केलं होतं. तिथलेही 'विरोध कायम'च म्हणत होते.