छर्रे वजनाने निवडायला कुठला काटा घ्यावा?

फोंडेकर_बाबा
मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते. छर्रे ४.५ मिमीचे, डब्यावर वजन ०.५३ ग्रॅम. जड-हलके वेगळे करायला ऑनलाइन छोटा काटा मागवला: क्षमता ५०० ग्रॅम, दाखवतो ०.०१ ग्रॅमपर्यंत. जवळजवळ सगळा डबा ०.५३ येतो, आणि तोच छर्रा परत ठेवला की कधी ०.५४. छर्रे एकसारखे समजायचे की काटा कमी पडतोय?

म्हापशाचा_शेट
काटा कमी पडतोय. मी सोनारकाम करतो, रोजचा संबंध मिलिग्रॅमशी. तुमचा काटा १० मिलिग्रॅमच्या पायरीने मोजतो, म्हणजे ०.५२५ ते ०.५३५ मधलं सगळं त्याला ०.५३च. छर्र्याचे जवळजवळ दोन टक्के तिथेच गेले! ०.००१ ग्रॅमचा घ्या, क्षमता २० किंवा ५० ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमच्या वस्तूला ५०० ग्रॅमचा काटा कशाला? स्वस्त काट्यांत क्षमता वाढली की पायरी जाड होते.

पण तिसरा आकडा दिसतो म्हणून तो खरा धरू नका. एकच छर्रा दहादा ठेवून बघा. तीन-चार मिलिग्रॅमने हलला, तर त्या आकड्यावर निवड करण्यात अर्थ नाही. सोबत येणारं २० ग्रॅमचं वजन कॅलिब्रेशनपुरतं. अर्ध्या ग्रॅमला काटा खरा आहे का, ते ५०० मिलिग्रॅमचं प्रमाणित वजन सांगेल. ते चिमट्यानेच उचला, बोटाचं तेल लागतं.

आणि पंखा बंद! मे महिन्यात जिवावर येतं, पण वाऱ्याने आकडा नाचतो. काटा आधी वीसेक मिनिटं चालू ठेवा, मधूनमधून शून्य तपासा.

नेम_मडगाव
शेट म्हणतात ते बरोबर. काही डब्यांवर ग्रेन असतात: १ ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. ०.१ ग्रेन दाखवणारा काटाही साधारण साडेसहा मिलिग्रॅमचीच पायरी देतो. मात्र लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका ०.५ मिमीचा, तिथे वजनाआधी लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेली खेप, बघा. रायफल क्लॅम्पला लावून वेगवेगळे लॉट मारून बघायचे, चांगला जमला तोच जास्त घ्यायचा.

फोंडेकर_बाबा
शेट, ५० ग्रॅमचा बघतो. छर्रेही चिमट्यानेच उचलू का?

म्हापशाचा_शेट
प्लास्टिकच्या, आणि हलक्या हाताने. शिसं मऊ, मागची कडा दबली की तो छर्रा गेला. बाळीला नंतर साबणाने हात धुवायला सांगा, खाण्याआधी तर नक्कीच.